सतरावं पान

बाइंडर वाचत नाही, असं बाइंडरचं म्हणणं होतं. तीस वर्षांत त्याच्या हाताखालून कायद्याची जाडजूड पुस्तकं गेली, औषधांच्या याद्या गेल्या, कुणी विकत घेत नाही अशा कवितांचे गठ्ठे गेले, पण त्यातलं एक पान त्याने वाचलं असेल तर शपथ. कोपऱ्यातला पान क्रमांक बघायचा, घडी घालायची, हाडाच्या पट्टीने दाबायची आणि पुढचा कागद ओढायचा. "आचाऱ्याने चव घ्यावी, जेवायला बसू नये," असं तो वर सांगायचा. त्यामुळे छापखान्यातल्या निम्म्या लोकांची समजूत होती की त्याला वाचताच येत नाही. येत होतं, चांगलं येत होतं. सातवीपर्यंत शिकला होता आणि अक्षर वळणदार होतं. पण लोकांची समजूत घालायच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

छापखान्याच्या मागच्या अंगाला त्याची खोली होती. एक लांब टेबल, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, कागद कापायचं यंत्र, खळीचं भांडं आणि अंगणाकडे उघडणारी एक खिडकी. टेबलाखाली एक बुटकं स्टूल होतं. त्यावर हल्ली सुतळीची गुंडाळी ठेवलेली असे.

दरवर्षी परीक्षा संपली की शाळेच्या शेवटच्या वर्गाची वही या टेबलावर यायची. वही कसली, चाळीसएक पानांचं पुस्तकच, पण शाळेत तिला वहीच म्हणायचे. तिची रीत जरा निराळी होती. शेवटच्या वर्गात आलं की पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या बाई मुलांना कामाला लावायच्या. बाकावर शेजारी बसणाऱ्याबद्दल एक पान लिहायचं. वरच्या अर्ध्यात 'मागे वळून', खालच्या अर्ध्यात 'दहा वर्षांनी'. स्वतःबद्दल लिहायचं नाही, कारण स्वतःबद्दल माणूस थापा मारतो, असं बाईंचं मत. शेजाऱ्याला विचारायचं, खोदून खोदून विचारायचं आणि आपल्या अक्षरात उतरवून काढायचं. ती पानं वर्षभर बाईंच्या कपाटात कुलपात राहायची आणि परीक्षेनंतर जशीच्या तशी, मुलांच्याच अक्षरात छापली जायची. मधल्या वर्षात कुणाचं काहीही होवो, एक काना बदलायचा नाही. एका बाकावरचे दोघे एकाच कागदावर, पाठीला पाठ लावून. निरोपाच्या दिवशी एकेकाने उभं राहून आपल्याबद्दलचं पान मोठ्याने वाचायचं.

यंदाच्या वहीत सतराव्या पानावर बाइंडरची मुलगी होती. तिला जाऊन पाच महिने झाले होते.

वर्गात तिला 'फूटपट्टी' म्हणायचे. ती कुठेही गेली तरी दप्तरात स्टीलची फूटपट्टी असायची, आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीची लांबी सांगायला ती एका पायावर तयार. हे वेड तिने या खोलीतूनच उचललं होतं. सहा वर्षांची असल्यापासून शाळा सुटली की ती इथे यायची, बुटक्या स्टुलावर चढायची आणि घड्या घालायची. दहाव्या वर्षी तिची घडी बापापेक्षा सरळ पडू लागली. बाइंडरने हे कबूल केलं नाही, पण अवघड कामं हळूच तिच्याकडे सरकवू लागला. ती तोंडाने मात्र फटकळ होती. त्याची कडा केसभर वाकडी गेली की बरोबर पकडायची, आणि आपलं म्हणणं खरं ठरलं की फूटपट्टी टेबलावर दोनदा वाजवायची. टक, टक. म्हणजे विषय संपला.

शेवटचं वर्ष सुरू झालं आणि बाइंडरने तिला खोलीत यायची बंदी केली. त्याच्या मनाने घेतलं होतं की पोरगी अधिकारी झाली पाहिजे. टेबलावर नावाची पाटी, डोक्यावर पंखा आणि हात स्वच्छ. त्याची स्वतःची बोटं खळीने कायम पांढरट असायची, नखं कागदाने चिरलेली. "त्या खोलीत परत पाऊल टाकलंस तर हाकलून देईन," असं तो तिला घरी म्हणाला होता. थट्टेत नाही, डोळे वटारून. आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, पुलापलीकडे, तिला संध्याकाळचा क्लास लावून दिला.

ती भांडली असती तर बरं झालं असतं. एरवी शब्दाला शब्द देणारी ती पोर तेवढ्या वेळी "बरं बाबा" म्हणाली आणि जाऊ लागली. थंडीत एका संध्याकाळी क्लासहून येताना पुलाच्या तोंडाशी बस उलटली. बसमध्ये तीस माणसं होती. अठ्ठावीस जण खरचटण्यावर वाचले.

त्या दिवसापासून बाइंडरच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता आणि त्याचं उत्तर दरवेळी तेच यायचं. मी हाकललं नसतं तर ती त्या वेळी स्टुलावर बसलेली असती. हे तो कुणाजवळ बोलला नाही, बायकोजवळही नाही.

पंधरा दिवसांपूर्वी वर्गाच्या बाई घरी आल्या होत्या. बिचाऱ्या चांगल्या मनानेच आल्या. वही छापून झाली होती, कागद आता बाइंडिंगला जायचे होते, आणि ते पान याच्यासमोर अचानक यायला नको, म्हणून आधी सांगायला आल्या.

"तिचं पान आहे त्यात," बाई म्हणाल्या. "पहिल्या आठवड्यातलं. आम्ही काढलं नाही. तुमची हरकत नसेल तर."

"आहे," बाइंडर म्हणाला.

"अं?"

"हरकत आहे. काढून टाका ते पान."

बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "त्याच कागदाच्या मागे तिच्या शेजारणीचं पान आहे. हे काढलं की तेही जाईल."

"मग मी वरून कोरा कागद चिकटवतो. मागचं पान शाबूत राहील. तुम्ही काळजी करू नका, डाग दिसणार नाही."

दहा वर्षांनी! ज्या मुलीला दहा वर्षं मिळालीच नाहीत, आणि ज्याच्यामुळे मिळाली नाहीत त्यानेच त्या ओळीवर घडी घालायची, हे त्याला सोसणारं नव्हतं. हे बाईंना कसं सांगणार? त्यांनी मान डोलावली, चहा अर्धा ठेवला आणि गेल्या. वर्षानुवर्षांचा नियम त्यांनी त्याच्या दुःखापुढे मोडला. कुणीही मोडला असता.

बायको आतल्या दाराशी उभी होती. बाई गेल्यावर तिने कप उचलले. "मला कुणी विचारलं नाही," एवढंच म्हणाली. त्यानंतर पंधरा दिवस घरात कामापुरतं बोलणं चालू होतं.

कागद आले तेव्हा छापखान्याचे मालक स्वतः मागे आले आणि म्हणाले, "हे काम यंदा दुसरीकडे देतो. तू राहू दे."

"पंधरा वर्षं मी करतोय," बाइंडर म्हणाला. "दुसऱ्याला जमणार नाही." मालकांनी खांदे उडवले. हा माणूस एकदा हट्टाला पेटला की त्याला समजावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं, हे त्यांना तीस वर्षांत कळलं होतं.

निरोप उद्यावर आला होता. साठ प्रती द्यायच्या होत्या. पस्तीस मुलांसाठी, बाकीच्या शिक्षकांसाठी आणि पाहुण्यांसाठी. बाइंडर सकाळीच खोलीवर आला, खळ शिजवली, घड्या घालून ठेवलेले कागद समोर घेतले आणि सतरावं पान उघडून त्यावर आधी कोरा कागद ठेवला. मग कडेने मापं धरली. तो कागदाकडे बघत होता, पानाकडे नाही. हे जमतं, सवयीने जमतं.

साधा माणूस कागदाच्या फक्त चार कडांना खळ लावून मोकळा झाला असता. पण बाइंडरला पोरांची जात माहीत होती. कोपरा सुटा दिसला की नख घालून उचकटणार. म्हणून त्याने कोऱ्या कागदाच्या सबंध अंगाला खळ फासली, पानावर बसवला, फडक्याने मधून बाहेर दाबत गेला आणि हवेचा एक बुडबुडा राहू दिला नाही. दुपारपर्यंत वीस झाले. मधेमधे रद्दी कागद घालून त्याने ते वीस शिकंज्यात चढवले आणि दांडा पिळला. आता ते पान उघडायचं तर फाडूनच उघडावं लागलं असतं.

तेवढ्यात दारात एक मुलगी उभी राहिली. फूटपट्टीची शेजारीण. वर्गात हिला 'भोंगा' म्हणायचे, कारण हजेरीला ही 'हजर' म्हणाली की खिडकीवरची कबुतरं उडायची. लहानपणापासून या खोलीत दोघी मिळून दंगा घालायच्या, आणि 'अगं हळू' असं बाइंडरने हिला हजारदा तरी म्हटलं असेल. आज तिचा आवाज खोलीच्या मध्यापर्यंत जेमतेम पोचला.

"काका, आत येऊ?"

"ये. हात लावू नकोस कशाला, ओलं आहे."

ती आत आली. टेबलाकडे बघितलं, शिकंज्याकडे बघितलं. टेबलाखालच्या स्टुलाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"काका, बाई म्हणाल्या तुम्ही ते पान झाकताय. ते मी लिहिलंय."

"माहीत आहे."

"तुम्ही वाचलंत?"

"बाइंडर वाचत नाही."

"काका, एकदा वाचा ना. मग चिकटवा. वाचून झाल्यावरही चिकटवावंसं वाटलं तर मी पण मदत करीन चिकटवायला."

बाइंडरने ब्रश भांड्यात बुडवला. "तुला काय वाटतं, तू काय लिहिलं असशील ते मला कळत नाही? मोठी झाली, अमकी झाली, तमकी झाली. सगळ्यांचं तेच असतं. काय करू मी ते वाचून?"

भोंगा ओठ चावत उभी राहिली. मग म्हणाली, "बरं. मग एक प्रत तरी माझ्यासाठी उघडी ठेवा. एकच. माझ्याकडे तिच्याबद्दलचं दुसरं काही नाहीये काका. फोनवरचे फोटो आहेत, पण त्यात ती नुसती हसते. यात ती बोललीये."

हे ऐकून कुणाचाही हात थांबला असता. बाइंडरचाही क्षणभर थांबला. पण मग तो जे म्हणाला, ते आठवून त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटायची होती. तो म्हणाला, "माझ्याकडे एकाला एक आणि दुसऱ्याला एक असं होत नाही. साठच्या साठ सारख्या निघतात. जा तू आता, मला काम आहे."

ती गेली नाही लगेच. दाराच्या चौकटीला हात लावून म्हणाली, "तिलाही असंच जा म्हणाला होतात." आणि गेली. अंगणातून तिची पावलं धावत गेल्याची ऐकू आली.

बाइंडर बराच वेळ ब्रश हातात धरून बसला. म्हणजे पोरीला माहीत होतं. दोघींचं एकमेकींत काय लपून राहणार? आणि आपण समजत होतो की हा काटा फक्त आपल्याच छातीत आहे. त्याला राग आला, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. शेवटी त्याने तो कामावर काढला. एकविसावा कागद ओढला.

इथे एक अडचण निघाली. जाड पांढरा कागद संपला होता. उरला होता तो पातळ, पावतीपुस्तकांना वापरतात तसला. चालेल, वाळला की कोण बघतो, असं म्हणून त्याने तोच कापला आणि लावायला सुरुवात केली. एक झाला, दोन झाले. तिसऱ्याला फडकं फिरवून तो बाजूला सरकवणार, तोच दुसऱ्याकडे नजर गेली.

तीस वर्षं खळीत हात घातलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती. पातळ कागद ओला झाला की पारदर्शक होतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. फूटपट्टी लहानपणी अशाच ओल्या कागदातून चित्रं गिरवायची. कोऱ्या कागदाखालून निळी अक्षरं एकेक करून वर येत होती. भोंगाचं अक्षर मोठं, गोल, रेघेत न मावणारं. झाकायला म्हणून लावलेल्या कागदाने ते उलट चौकटीत बसवल्यासारखं समोर मांडलं होतं.

बाइंडरने मान वळवली. खिडकीबाहेर रद्दीचे गठ्ठे बघितले. वाळेल, पाच-दहा मिनिटांत वाळेल आणि दिसेनासं होईल. तो थांबला. मग वाळून दिसेनासं होईल या विचारानेच तो परत वळला, आणि वाचू लागला.

'मागे वळून,' असं वर होतं. 'फूटपट्टी माझ्या शेजारी चौथीपासून बसते. तिने बाकाच्या बरोबर मधोमध रेघ मारली आहे आणि माझं कोपर एक सेंटीमीटर जरी पलीकडे गेलं तरी ती मला टोचते. सगळ्या वर्गाच्या वह्यांना कव्हरं तीच घालते. एका कव्हराची फी एक पेन्सिल. तिच्याकडे सध्या एकशे चार पेन्सिली आहेत आणि सगळ्या उंचीप्रमाणे लावलेल्या आहेत. मी गणितात नापास झाले तेव्हा ती माझ्या घरी आली आणि माझ्या आईला म्हणाली की पेपर वाकडा छापला होता.'

बाइंडरच्या नाकातून हसू फुटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. त्याला त्या पेन्सिली माहीत होत्या. घरी कपाटात होत्या, अजून उंचीप्रमाणे.

'दहा वर्षांनी.'

इथे त्याने टेबलाची कड धरली.

'दहा वर्षांनी फूटपट्टी मोठी अधिकारी झाली आहे. तिच्या बाबांची तशी इच्छा होती. टेबलावर नावाची पाटी आहे, ती तिने स्वतः मोजून मधोमध ठेवली आहे. सही करण्याआधी ती कागदाचा समास मोजते, त्यामुळे बाहेर लोकांची रांग लागते आणि सगळे वैतागतात. पण रविवारी ती बाबांच्या खोलीवर जाते. बाह्या वर करते, स्टूल ओढते आणि खळ लावत बसते. स्टूल आता तिला बुटकं पडतं पण ती दुसरं घेत नाही. बाबा येऊन बघतात आणि काही बोलत नाहीत. पुढचं वाक्य तिने सांगितलंय, मी फक्त लिहून घेतलं. अधिकाऱ्याला कोण हाकलणार?'

पान संपलं.

बाइंडर उभा होता तो खाली बसला, जमिनीवरच, टेबलाच्या पायाला पाठ टेकून. 'बरं बाबा' म्हणाली होती ती. तिने बाबांचंही ऐकायचं ठरवलं होतं आणि आपलंही सोडलं नव्हतं. सगळं मोजून मापून, मधोमध रेघ मारून ठेवलं होतं. फक्त दहा वर्षं थांबायचं होतं. तो रडला, तोंडावर खळीचे हात घेऊन लहान मुलासारखा रडला, आणि आपण रडतोय हे छापखान्यात ऐकू जाईल याची त्याला पर्वा वाटली नाही.

मग एकदम त्याच्या लक्षात आलं की वर टेबलावर खळ वाळत चालली आहे.

त्यानंतर बाइंडरने जे काम केलं, तसं तीस वर्षांत केलं नव्हतं. ओलं फडकं पिळून तिन्ही कागदांवर ठेवलं, हाडाच्या पट्टीचं टोक कोपऱ्याखाली घातलं आणि श्वास रोखून एकेक सोलत गेला. दोन अलगद निघाले. पहिल्याचा खालचा कोपरा मात्र तोवर धरला होता. तो कागदाबरोबर फाटून आला, शेवटच्या ओळीसकट. बाइंडरने जीभ चावली.

तो शिकंज्याकडे धावला, दांडा उलटा फिरवला. वीसही कडक झाले होते. त्याचं कामच तसं पक्कं होतं. एकाचा कागद ओढून बघितला, तर भोंगाची अक्षरं सालपटासारखी कोऱ्या कागदाच्या पाठीला चिकटून उलटी निघून आली. ते बघून त्याने बाकीच्यांना हात लावला नाही.

गेली ती गेली. उरल्या चाळीस, त्यातली एक कोपरा फाटलेली. पस्तीस पोरांना पुरत होत्या. पाहुण्यांना द्या ती कोरी पानं, त्यांना कुठे फूटपट्टी माहीत होती?

तो पुन्हा टेबलाशी बसला आणि वह्या शिवू लागला. आता बांध फुटलाच होता, तर शिवता शिवता तो वाचत गेला. घडी चुकली नाही, हे विशेष. अठराव्या पानावर त्याच्या मुलीचं अक्षर होतं, बारीक आणि ताठ. तिने लिहिलं होतं की दहा वर्षांनी भोंगा विमानतळावर घोषणा करील आणि माईक बंद पडला तरी कुणाला कळणार नाही. सहाव्या पानावरचा मुलगा वैमानिक होणार होता. बाइंडरला तो माहीत होता. बापाने अंथरूण धरल्यावर त्याने दिवाळखोरीत निघालेलं घरचं सायकलचं दुकान हाती घेतलं होतं आणि परीक्षेलाही काळ्या नखांनी बसला होता. अकराव्या-बाराव्या पानांवरच्या दोघी एकाच गावात दवाखाना काढणार होत्या. त्यांतल्या एकीचं घर मागच्याच महिन्यात दूरच्या शहरी गेलं. एका वर्षात एवढं वाकडं झालं, मग दहा वर्षांत काय काय होईल? तरी कुणी एक काना बदलला नव्हता. उद्या उभं राहून ती पोरं हे असंच वाचणार होती.

आणि जागोजागी ती होती. चौथ्या पानावर एकाचं पुस्तक प्रसिद्ध होणार होतं आणि त्याची बांधणी 'फूटपट्टीच करील, एक पेन्सिल घेऊन.' नवव्या पानावर कुणाच्या तरी नव्या घराच्या खिडक्या ती मोजून देणार होती. एकोणतिसाव्या पानावर सगळा वर्ग दहा वर्षांनी भेटणार होता आणि रांगेत कुणाची उंची किती वाढली ते ती सांगणार होती. एक पान झाकून तो काय झाकणार होता?

संध्याकाळी उजेड असतानाच काम संपलं. बाइंडरने एक चांगली प्रत वेगळी काढली, तिला उरलेल्यातलं सगळ्यात चांगलं निळं कव्हर घातलं आणि आधी भोंगाच्या घरी गेला. दार तिनेच उघडलं. त्याने वही पुढे केली. तिने सतरावं पान उघडलं, त्याच्याकडे बघितलं.

"काका, वाचलंत?"

"वाचलं."

"उद्या हे पान तू वाच," तो म्हणाला. "तिच्या जागी. आणि हळू वाचू नकोस." तिने मान हलवली आणि वही छातीशी धरून तिथेच दारात रडत राहिली. बाइंडरने तिच्या डोक्यावर हात ठेवला. खळीचा हात होता, पण ती हलली नाही.

घरी बायको टेबलाशी भाजी निवडत बसली होती. समोरच्या खुर्चीत बसून त्याने कोपरा फाटलेली प्रत तिच्यापुढे ठेवली.

"हे काय?"

"तिचं पान. मी झाकत होतो. मग नाही झाकलं." तो थांबला. "तुला विचारायला हवं होतं. माझं चुकलं."

तिने हात पदराला पुसले. चष्मा शोधला, तो डोक्यावरच होता. मग ओळीवर बोट ठेवून ती वाचू लागली, हळूहळू, मोठ्याने. पेन्सिलींपाशी हसली. नावाच्या पाटीपाशी थांबली आणि पुन्हा सुरू झाली. रविवारी खोलीवर जाते, बाह्या वर करते, इथे आवाज कापायला लागला, पण तिने सोडलं नाही.

"'पुढचं वाक्य तिने सांगितलंय, मी फक्त लिहून घेतलं,'" तिने वाचलं आणि बोट फाटक्या कडेवर अडकलं. "अहो, इथे फाटलंय. पुढे काय होतं?"

बाइंडरने फाटक्या कडेकडे बघितलं. आपण पोरीला काय म्हणालो होतो, ते याच घरात, याच खुर्चीत बसून म्हणालो होतो, हे बायकोलाही आठवत असणार. तिने तेव्हा आतून ऐकलं होतं.

"अधिकाऱ्याला कोण हाकलणार," तो म्हणाला. पुटपुटलाच.

ती चष्मा काढून म्हणाली, "असं नाही. ती कसं म्हणाली असेल, तसं म्हणा."

त्याने प्रयत्न केला. पहिल्यांदा पुन्हा पुटपुटणंच झालं. दुसऱ्यांदा त्याने हनुवटी वर केली, जशी ती करायची, आणि सगळं वाक्य एका दमात म्हटलं.

"अधिकाऱ्याला कोण हाकलणार?"

आणि बोटाने टेबलावर दोनदा वाजवलं. टक, टक.